पटाशीच्या धारेसाठी चामडी चाक घरी कसे बनवावे

पटाशी दगडावर कितीही मन लावून घासली, तरी धारेच्या टोकाला पोलादाची एक अतिशय पातळ, नजरेला सहसा न दिसणारी झालर उरते. कारखान्यात तिला बर म्हणतात. अंगठा सपाट बाजूवरून धारेच्या बाहेर अलगद सरकवला, की ती बोटाला जाणवते. ही बर तशीच ठेवून पटाशी लाकडावर चालवली, तर पहिल्या दोन-चार कापांतच ती मोडते आणि जाताना खऱ्या धारेचा कणही घेऊन जाते. मग नुकतीच धार लावलेली पटाशी इतक्या लवकर बोथट कशी झाली, असा प्रश्न पडतो. न्हावी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतो, तसेच पटाशीचे आणि रंध्याचे पातेही चामड्यावर फिरवले, तर बर निघून जाते आणि दगडाने पाडलेले ओरखडे पुसट होऊन धार एकसंध होते. तोच पट्टा एका चाकावर गुंडाळून मोटरने फिरवला, की त्याला पॉवर स्ट्रॉप म्हणतात. मी त्याला चामडी चाक म्हणतो, आणि या लेखात ते घरच्या घरी कसे तयार करावे हे सांगतो.

एखाद-दोन पटाश्या वापरणाऱ्याला लाकडी फळीवर चिकटवलेला चामड्याचा तुकडा पुरेसा आहे. चाकाची खरी गरज कोरीव काम करणाऱ्याला भासते. त्याच्यासमोर पंधरा-वीस गोल पटाश्या मांडलेल्या असतात आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी एखादीला धार पाजळावी लागते. सागवानावर काम करणाऱ्याला तर हे फारच लवकर करावे लागते, कारण सागाच्या लाकडात सिलिका, म्हणजे वाळूसारखा कठीण पदार्थ, असतो आणि तो उत्तम पोलादाची धारही हळूहळू खातो. अशा वेळी हत्यार चाकाला पाच सेकंद लावून पुन्हा कामाला लागता आले, तर हात थांबत नाही. मात्र हे चाक दगडाची जागा घेत नाही, हे आधीच समजून घ्यावे. धारेला खाच पडली असेल, उताराचा, म्हणजे धारेकडे तिरक्या तासलेल्या बाजूचा, कोन बिघडला असेल किंवा धार अगदीच गेली असेल, तर दगडाकडेच जावे लागते.

चाकाचा वेग

या यंत्रात सर्वांत जास्त चुका वेगाबाबत होतात, म्हणून त्याचा हिशेब आधी करू. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे सर्वसाधारण चार पोलची सिंगल फेज मोटर मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेते. चामड्याचा पृष्ठभाग किती वेगाने धावतो हे केवळ फेऱ्यांवर ठरत नाही. चाकाचा व्यास गुणिले ३.१४ गुणिले फेरे, असे गणित करावे लागते. २०० मिलिमीटर व्यासाचे चाक थेट अशा मोटरवर बसवले, तर त्याचा पृष्ठभाग मिनिटाला सुमारे ९०० मीटर धावेल. बेंच ग्राइंडरवर बसवले, तर त्याच्या साधारण २८५० फेऱ्यांमुळे हाच वेग १८०० मीटरच्या घरात जाईल. इतक्या वेगात दोन गोष्टी होतात. धारेचे टोक अतिशय पातळ असल्यामुळे ते क्षणार्धात तापते. आणि हत्याराचा कोन किंचित जरी चुकला, तरी चाक ते हातातून हिसकावून घेते.

तापणे हा धोका दिसतो त्याहून गंभीर आहे. साध्या कार्बन पोलादाची हत्यारे कडक केल्यानंतर ठरावीक तापमानाला पुन्हा तापवून मऊपणा आणलेली असतात. धारेवर गवती पिवळा रंग उमटला, तर तिथले तापमान सुमारे २३० अंश सेल्सिअसपर्यंत गेले असे समजावे. निळा रंग उमटला, तर ते ३०० अंशांच्या जवळ पोहोचलेले असते आणि तेवढ्या भागाचा कडकपणा गेलेला असतो. निळा पडलेला भाग घासून काढून टाकण्यावाचून दुसरा उपाय नाही. म्हणूनच माझ्या मते पृष्ठभागाचा वेग मिनिटाला ३०० मीटरच्या आसपास ठेवावा. मोटरच्या शाफ्टवर २ इंची आणि चाकाच्या शाफ्टवर ६ इंची पुली बसवली, की फेरे एक तृतीयांश होतात, म्हणजे ४८०; आणि २०० मिलिमीटरचे चाक मिनिटाला जवळजवळ बरोबर ३०० मीटर धावते. याहून कमी वेगही चालतो. काम थोडे हळू होते, पण हत्यार बिघडत नाही.

अँगल ग्राइंडरवर लाकडाचे किंवा एमडीएफचे (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचे) घरी कापलेले चाक कधीही बसवू नये. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो, आणि त्या वेगात असे चाक फुटून अंगावर येऊ शकते.

मोटर, शाफ्ट आणि बैठक

पाव अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे १८५ वॅटची मोटर या कामाला भरपूर होते. नवीन घ्यायची नसेल, तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी किंवा कोणत्याही शहरातल्या भंगाराच्या दुकानात चालू स्थितीतली मोटर मिळते. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची धुण्याची मोटरही चालते. तिची ताकद कमी असते आणि हत्यार जोराने दाबले तर ती थांबते. पण या चाकावर जोर लावायचाच नसल्यामुळे ही उणीव नवशिक्याच्या फायद्याचीच ठरते. तिचा सांगाडा मात्र उघडा असतो, त्यामुळे भुसा आत जाणार नाही असे झाकण तिला करावे लागते. मिक्सरची किंवा ड्रिलची मोटर घेऊ नये. ती फार वेगाने फिरते, फार आवाज करते आणि सलग चालवण्यासाठी ती बनवलेली नसते.

चाकासाठी २० मिलिमीटर व्यासाचा ब्राइट बारचा, साधारण ३०० मिलिमीटर लांबीचा शाफ्ट घ्यावा. त्याला आधार द्यायला यूसीपी-२०४ क्रमांकाची दोन पेडेस्टल बेअरिंगे लागतात. त्यांचे भोक २० मिलिमीटरचेच असते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर, पुण्यात बोहरी आळीत आणि तालुक्याच्या गावी शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्याकडेही ती मिळतात. दोन बेअरिंगांच्या मध्ये ६ इंची पुली ठेवावी आणि चाक एका बाजूला बेअरिंगच्या बाहेर बसवावे, म्हणजे लांब दांड्याचे हत्यार धरायला सगळीकडून मोकळी जागा राहते. पुल्या ए सेक्शनच्या, म्हणजे ए मापाचा व्ही-बेल्ट बसणाऱ्या, घ्याव्यात. मोटरचा आणि चाकाचा शाफ्ट एकमेकांपासून २५० मिलिमीटर अंतरावर असतील, तर ए-३१ क्रमांकाचा पट्टा, म्हणजे व्ही-बेल्ट, बसतो. मोटरच्या पायांखालच्या भोकांना लांबट खाचा केल्या, की पट्टा ताणता येतो आणि मापातला थोडा फरकही सांभाळला जातो. सगळी रचना कमीत कमी ३६ मिलिमीटर जाडीच्या फळीवर बोल्टने पक्की करावी आणि ती फळी जड टेबलाला जखडावी. पट्ट्यावर प्लायवुडची पेटी किंवा जाळी अवश्य बसवावी. पट्ट्यात अडकलेले बोट पटाशीने कापलेल्या बोटासारखे सहज बरे होत नाही.

चाक शाफ्टला जोडण्यासाठी नट वापरायचा मोह होतो. ते टाळावे. नेहमीच्या आट्यांचा नट चाकाच्या एका दिशेच्या फिरण्याने आवळला जातो आणि दुसऱ्या दिशेच्या फिरण्याने सैल होतो, आणि या यंत्राची दिशा ग्राइंडरच्या उलट असल्यामुळे इथे तो सैल होण्याची शक्यताच जास्त. त्याऐवजी लेथवाल्याकडून ८० मिलिमीटर व्यासाचा एक फ्लँज, म्हणजे चाक जोडायची लोखंडी चकती, करून घ्यावा. त्याला २० मिलिमीटरचे भोक, शाफ्टवर आवळायला दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) आणि चाक जोडायला तीन किंवा चार भोके ठेवावीत. ग्रब स्क्रू जिथे टेकतो तिथे शाफ्टवर कानशीने छोटा सपाट भाग करावा.

वीजजोडणीत एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. अर्थिंग असलेल्या तीन पिनी जोडणीखेरीज, वीज गेली की आपोआप सुटणारा आणि परत आल्यावर हाताने दाबल्याशिवाय चालू न होणारा स्टार्टर वापरावा. शेतातल्या पंपाला असतो तसा डीओएल स्टार्टर नेमके हेच करतो. भारनियमनात वीज गेली, आपण बटण बंद करायला विसरलो, आणि तासाभराने चाकाजवळ कोणी उभे असताना मोटर अचानक फिरू लागली, असा प्रसंग माझ्या घरात एकदा घडला. इजा झाली नाही, पण दुसऱ्याच दिवशी मी स्टार्टर बसवला.

चाक आणि चामडे

चाकासाठी १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफच्या दोन चकत्या फेव्हिकॉलने एकमेकींना चिकटवून रात्रभर शिकंज्यात धरून ठेवाव्यात. म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीचे चाक मिळते आणि रंध्याचे पातेही थोडेसे डावी-उजवीकडे सरकवून त्यावर बसते. प्लायवुडपेक्षा एमडीएफ मी पसंत करतो, कारण प्लायच्या कडेला एक थर आडवा आणि एक उभा येतो, मध्येच पोकळ्या निघतात आणि चाकाचा कडकपणा सगळीकडे सारखा राहत नाही. चकती २०५ मिलिमीटरची कापावी आणि मध्याचे भोक कापण्याआधीच पाडून घ्यावे.

चाक शाफ्टवर बसवून फिरवल्यावर ते थोडे तरी डुगडुगतेच. लाकडाच्या ठोकळ्याला ६० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, तो ठोकळा टेबलाला जखडलेल्या आधारावर ठेवून, फिरत्या चाकाला अगदी हळूहळू भिडवावा. आधी फक्त उंच भाग घासला जाईल, मग हळूहळू सगळा घेर एकसारखा होईल. एमडीएफची धूळ फुप्फुसांना वाईट असते, म्हणून चांगला मास्क लावावा आणि हे काम अंगणात करावे. व्यास २०० मिलिमीटरवर आला की थांबावे. त्यानंतर चाकाच्या दोन्ही सपाट बाजूंना स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचे दोन हात द्यावेत, नाहीतर पावसाळ्यात एमडीएफ ओल शोषून फुगते आणि सरळ केलेले चाक पुन्हा वाकडे होते. जिथे चामडे चिकटवायचे, त्या घेरावर चपडी लावू नये. तिथे सरस धरणार नाही.

आता चामड्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण धार बनते किंवा बिघडते ती इथेच. माझे पहिले चाक मी कापडी बफचे, म्हणजे पॉलिशसाठी वापरतात तशा कापडाच्या थरांचे, केले होते. त्याने पटाशी आरशासारखी चमकत असे, पण लाकडात जात नसे. मऊ पृष्ठभाग दाबाखाली दबतो आणि धारेच्या टोकापाशी पुन्हा वर उसळतो. त्यामुळे टोक गोलसर होते आणि २५ अंशांची पटाशी टोकापाशी ४० अंशांसारखी वागू लागते. चमक दिसते, म्हणून आपल्याला वाटते की धार आली. म्हणूनच चामडे कडक आणि पातळ असावे, आणि त्याच्याखाली फोम, फेल्ट असे काहीही नसावे. क्रोमने कमावलेले, पर्सचे किंवा जाकिटाचे चामडे स्पंजासारखे दबते. ते उपयोगाचे नाही. कोल्हापुरी चपलांसाठी वापरले जाणारे, बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले चामडे या कामाला फार चांगले. तळाचे जाड चामडे न मागता, चप्पल करणाऱ्या कारागिराकडे अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची, सगळीकडे सारखी असलेली पट्टी मागावी. चाकाचा घेर ६२८ मिलिमीटर होतो. त्यात सांध्यासाठी २५ मिलिमीटर मिळवावेत आणि थोडी जास्तीची पट्टी हाताशी ठेवावी.

चामड्याची गुळगुळीत बाजू बाहेर ठेवावी की खडबडीत, यावर मतभेद आहेत. खडबडीत बाजू पॉलिशचे मेण चांगले धरते, पण तिचे केस दबतात. मी गुळगुळीत बाजू बाहेर ठेवतो आणि १२० नंबरच्या पेपरने तिला किंचित खरखरीत करतो. पट्टीची दोन्ही टोके २५ मिलिमीटर लांबीवर तिरकी तासून निमुळती करावीत, म्हणजे एक टोक दुसऱ्यावर बसून जाडी सारखी राहील. वरच्या थराचे निमुळते टोक फिरण्याच्या दिशेने पाहिले असता मागच्या बाजूला यायला हवे. म्हणून चिकटवण्याआधीच चाकावर दिशेचा बाण काढून ठेवावा. उलट बसवले, तर हत्यार सांध्यावर अडखळते आणि काही दिवसांत टोक उचकटते.

चिकटवायला रबरी काँटॅक्ट सरस वापरण्याची पद्धत आहे, पण तो सुकल्यावरही लवचिक राहतो आणि एकदा टेकलेली पट्टी पुन्हा सरकवता येत नाही. साधा पांढरा फेव्हिकॉल वाळल्यावर कडक होतो, म्हणून मला तोच योग्य वाटतो. पट्टी मागच्या बाजूने किंचित ओलसर करून वळवून घ्यावी, घेरावर फेव्हिकॉलचा पातळ थर द्यावा, पट्टी गुंडाळावी आणि तिच्यावरून सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी खूप ताणून वेढे द्यावेत. ट्यूबचा दाब सगळीकडे सारखा बसतो. कोणत्याही शिकंज्याला हे जमत नाही. पूर्ण एक दिवस ते तसेच राहू द्यावे. नंतर ट्यूब सोडून, चाक फिरवून, १२० नंबरच्या पेपराच्या ठोकळ्याने सांधा इतका सपाट करावा की डोळे मिटून बोट फिरवल्यावर (अर्थात चाक थांबलेले असताना) तो कळू नये.

बफिंगच्या सामानाच्या दुकानात पॉलिशच्या रंगीत वड्या मिळतात. त्यांतली हिरवी घ्यावी. तिच्यातला क्रोमियम ऑक्साइडचा कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचा असतो, तर १००० नंबरच्या पाणदगडाचा, म्हणजे पाणी लावून वापरायच्या धारेच्या दगडाचा, कण दहा ते पंधरा मायक्रॉनचा. यावरून ती धार किती बारीक करते याचा अंदाज येईल. नव्या चामड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब सगळीकडे चोळून मुरू द्यावेत आणि मग फिरत्या चाकाला वडी दोन-तीन सेकंद टेकवावी. हिरवी छटा आली की पुरे. जाड थर दिला, तर कण चामड्यात रुतण्याऐवजी मेणावर तरंगतात आणि धार पुन्हा गोलसर होते. दुसऱ्या रंगाची, जाड कणांची वडी याच चाकाला कधी लावू नये.

चाकावर हत्यार धरण्याची रीत

चाकाचा वरचा भाग आपल्यापासून दूर जात असला पाहिजे आणि धारेचे तोंडही आपल्यापासून दूर, म्हणजे चामडे ज्या दिशेला जाते त्याच दिशेला असले पाहिजे. चामडे धारेवरून निसटून पुढे गेले पाहिजे; धारेने चामड्यात शिरता कामा नये. उलट धरले, तर हत्यार क्षणात चामड्यात घुसते, चामडे फाटते आणि पटाशी आपल्याच अंगावर फेकली जाते. चाक चुकीच्या दिशेने फिरत असेल, तर वायरी बदलण्याआधी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहून पाहावे. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम भागते, मात्र सांध्याची दिशा त्यानुसार आधीच ठरवलेली असावी. ग्राइंडरला असतो तसा हत्याराचा आधार इथे मुळीच बसवू नये, कारण चाक आणि आधार यांच्यामध्ये हत्यार अडकू शकते. डोळ्यांवर चष्मा असावा. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी किंवा उपरणे नसावे.

पटाशी दोन्ही हातांनी धरून, कोपर अंगाला लावून, आधी उताराचा मागचा भाग, म्हणजे धारेपासून लांबची कड, चामड्याला टेकवावी. मग मूठ हळूहळू वर उचलावी. उतार पूर्ण टेकला की चामड्यावरचे मेण धारेच्या पुढून बारीक काळ्या रेघेसारखे बाहेर येताना दिसते. त्याच क्षणी मूठ जिथे आहे तिथेच स्थिर करावी. त्याहून एक अंश जरी वर उचलली, तरी टोक गोल होऊ लागते. दाब पत्र फाडायला लागतो तेवढाही नको. तीन ते पाच सेकंद, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत, असे दोन किंवा तीन वेळा केले की पुरे. दर वेळी धारेजवळ बोट लावून पाहावे; कोमट लागले तर थांबावे.

पटाशीची किंवा रंध्याच्या पात्याची सपाट बाजू या चाकावर कधीही लावू नये. गोल चाक सपाट पृष्ठभागाला टोकाशी गोलवते, आणि सपाट बाजू बिघडली की धार पुन्हा आणायला दगडावर तासभर जातो. त्या बाजूची बर काढायला फळीवरचा चामडी तुकडाच वापरावा. हत्यार पूर्ण सपाट ठेवून तीन-चार वेळा आपल्याकडे ओढले की ती निघते.

गोल पटाशीला बाहेरून धार देताना ती चाकावर मनगटाने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गोल फिरवावी लागते. नवशिक्या मधल्या भागावर जास्त वेळ थांबतो आणि कडा तशाच राहतात. म्हणून कडांपासून सुरुवात करावी. आतल्या बाजूसाठी १८ मिलिमीटरच्या एमडीएफच्या वेगळ्या चकत्या कराव्यात, एकीची कड अर्धगोल आणि एकीची इंग्रजी व्ही अक्षरासारखी निमुळती. त्यांना चामडे लावण्याची गरज नाही, हिरवी वडी थेट एमडीएफवर चोळली तरी ती कणांना धरून ठेवते. कड हत्याराच्या आतल्या गोलाईपेक्षा किंचित लहान असावी, नाहीतर पटाशीचे दोन कोपरे आधी घासले जातात आणि तोंड पुढे आलेल्या नखासारखे होते. आतून एक-दोन सेकंद पुरेत. तिथे उतार नसतो, फक्त बर काढायची असते.

धार आली की नाही, हे हातावरचे केस कापून पाहण्यापेक्षा मऊ लाकडाच्या तुकड्याच्या टोकावर, जिथे तंतू आडवे कापलेले दिसतात तिथे, पातळ काप घेऊन पाहावे. चीर (पाइन) किंवा देवदाराचा फेकून दिलेला तुकडा यासाठी चांगला. चांगल्या धारेने कापलेला भाग ओल्यासारखा चमकतो. तंतू चुरगळून पांढुरके दिसले, तर धार गोलसर झाली आहे. कापात एकच पांढरी रेघ दिसली, तर धारेला त्या जागी खाच आहे, आणि ती चाकाने जाणार नाही. सात-आठ वेळा चाकावर नेल्यानंतर मूठ नेहमीपेक्षा जास्त उचलल्याशिवाय पटाशी लाकडात शिरत नाही, असे जाणवू लागले, की उतार पुन्हा सपाट करायला तिला दगडावर न्यावे.

चामडे काळे आणि चकचकीत होते तेव्हा त्याच्यात पोलादाची भुकटी आणि जुने मेण भरलेले असते. चाक थांबवून, जुन्या सुरीच्या पाठीने ते हळूच खरवडून काढावे, थोडे तेल चोळावे आणि नवी वडी लावावी. दगडाचा किंवा पॉलिश पेपरचा एक कणही चामड्यात रुतला, तर तो प्रत्येक धारेवर ओरखडा उमटवतो, म्हणून काम झाल्यावर चाकावर कापडी पिशवी चढवावी. कोकणात पावसाळ्यात त्याच पिशवीत चामड्याला बुरशी येते. तिथे जून ते सप्टेंबर चाक शाफ्टवरून काढून घरातल्या कोरड्या कपाटात ठेवणे बरे.